डीप फ्रीझरची लाकडी चौकट : घाम सुटलाय की फट राहिलीय?

डीप फ्रीझरला नळ लावून त्याचा कोल्ड कॉफीचा किंवा सोड्याचा फ्रिज करायचा, तर भोकं लाकडातच पाडावी लागतात. फ्रीझरच्या भिंतींतून गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. तिथे ड्रिल घुसलं की मशीन भंगारात. म्हणून अंग आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात आणि तापमान राखणारा कंट्रोलर लावून आत चारेक अंश ठेवतात. उन्हाळा निभावतो. पण जून लागला की नवी मुंबईत नेरूळ-ऐरोलीकडे चौकटीपाशी पाणी दिसू लागतं, आणि जो तो चौकटीला आतून लावायला थर्मोकोल आणायला धावतो.

जरा थांबा. पाणी बाहेरून, फळीभर सारखं पसरलंय? मग तो घाम. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर साधारण 26 अंशांखालच्या कुठल्याही गोष्टीवर दव धरतं. पाऊण इंची पाइनची नुसती फळी ढोबळ हिशेबाने बाहेरून 22 अंशांवर येते. आतून इंचभर जाडीची फोमची शीट लावली की तीच फळी 27 च्या आसपास जाते आणि कोरडी राहते. शीट साध्या थर्मोकोलची की एक्सपीएसची (म्हणजे दाणे नसलेल्या घट्ट फोमची), याने गारव्यात फारसा फरक पडत नाही. पण थर्मोकोलच्या दाण्यांमधून ओल शिरते, म्हणून आपल्या हवेत मी एक्सपीएसच घेईन. आणि ते उग्र वासाचं रबरी सोल्युशन लावू नका, दोन्ही शीट विरघळतात. सिलिकॉन चालतं.

पाणी आत, तळाशी साचतंय, भिंतींवर बर्फ धरतोय आणि कॉम्प्रेसर सारखा चालू आहे? मग कुठेतरी फट आहे आणि दमट हवा आत येतेय. इथे शीट कितीही जाड लावा, उपयोग शून्य. रात्री दिवे मालवून आत टॉर्च ठेवा आणि झाकण लावा. उजेड बहुतेक वेळा कोपऱ्यांतून किंवा बिजागरीच्या बाजूने डोकावतो. उजेड दिसला नाही तरी गॅस्केटमध्ये, म्हणजे झाकणाच्या रबरी पट्टीत, दहाची नोट धरून ओढून पाहा. सहज सुटली, तर तिथे झाकण टेकत नाही. चौकटीची वरची कड रंधून सपाट करावी लागेल. चौकटीखाली सिलिकॉनची सलग रेघ हवी, तुटक ठिपके नकोत.

फसवणारा प्रकार एकच : घाम बाहेरून, पण फक्त कोपऱ्यात. तिथे शीटचे जोड उघडे असतात, आतली गार हवा शीटमागे शिरून थेट लाकडाला लागते. नवी शीट आणू नका, जोड भरा.