मातीचं कबुतर उडतं कशाच्या जोरावर?

2024 साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात नेमबाजीचा विषय निघाला की तासभर संपत नाही. ओहायोत राहणाऱ्या आतेभावाने तर छंदच लावून घेतला. पण रायफलचा नव्हे, शॉटगनचा. हवेत भिरकावलेली चकती छर्ऱ्यांनी फोडायची. तिकडे मोठी शेतजमीन असलेले लोक चकती फेकणारं यंत्र, म्हणजे ‘ट्रॅप’, घरीच आणतात. त्याने तीन यंत्रांच्या जाहिराती पाठवल्या आणि विचारलं, “सगळ्यात जोरदार स्प्रिंग कुणाची?”

मी म्हटलं, “अरे, स्प्रिंगचं नंतर बघू. चकती फेकणाऱ्या भुजेवरची रबरी पट्टी कशी आहे ते आधी सांग.”

या चकतीला ‘क्ले पिजन’, मातीचं कबुतर, म्हणतात. पूर्वी खरीच कबुतरं पिंजऱ्यातून सोडून मारत. ‘ट्रॅप’ हा शब्द तिथला. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवर नेम धरले गेले. भाजलेल्या मातीची चकती त्याआधीच, 1880 मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने आणली होती. आज तिच्यात माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबराच्या जातीचा घट्ट पिच यांची ती असते. व्यास 110 मिलीमीटर, वजन 105 ग्रॅम, आकार उपड्या बशीसारखा.

आता माझा आवडता भाग. एखादी ताटली न फिरवता नुसती ढकलून फेकून बघा, दोन-चार मीटरवर ती कोलांट्या खाऊ लागेल. कारण पुढे सरकणाऱ्या चकतीला हवेचा उचलणारा जोर नेमका मध्यावर लागत नाही, मध्याच्या थोडा पुढे लागतो. म्हणून पुढची कड वर उचलली जाते आणि चकती उलथते. हे टाळायला तिला गिरकी हवी. आपण लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकायचो, तेव्हा फिरणारा भोवरा तिरका झाला तरी पडायचा नाही, नुसता डोलत राहायचा. फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूला कलवायला गेलं, की ती काटकोनातल्या दुसऱ्याच बाजूला, तेही हळूहळू कलते. चकतीची पुढची कड वर जाऊ पाहते, पण गिरकीमुळे ती उलथण्याऐवजी सावकाश डावी-उजवीकडे झुकते. गिरकी दुप्पट केली तर झुकण्याचा वेग निम्मा होतो. चकतीचं बरंचसं वजन कडेच्या जाड रिंगणात ठेवलेलं असतं, तेही यासाठीच. तेवढ्याच वजनाच्या आणि व्यासाच्या, सगळीकडे सारख्या जाड चकतीपेक्षा निव्वळ कड्याची फिरण्याची जडता दुप्पट असते.

ही गिरकी यंत्र देतं कसं? भुजा गोफणीसारखी फिरते. चकती भुजेला टेकलेली असते आणि बाहेर निसटताना भुजेवरच्या रबरी पट्टीवरून चाकासारखी लोळत जाते. चकतीचा परीघ सुमारे 34.5 सेंटिमीटर. पट्टीवरून ती सेकंदाला 10 मीटर वेगाने न घसरता लोळत सुटली, तर सेकंदाला 29 गिरक्या. वरून पाहताना भुजा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल, तर चकती काट्यांच्या दिशेने फिरते आणि उडताना हळूहळू डावीकडे झुकते. पट्टी झिजलेली किंवा दवाने ओली असेल तर चकती लोळण्याऐवजी घसरते. मग वेग मिळतो, गिरकी मिळत नाही, आणि चकती हेलकावे खात जाते. सरावाला हवं असतं तेच उड्डाण पुन्हा पुन्हा. ते पट्टी देते. निव्वळ ताकदवान स्प्रिंग फार तर चकती भुजेवरच फोडेल.

म्हणून ‘आमचं यंत्र इतके यार्ड फेकतं’ या जाहिरातीवर भुलू नये. कोणत्या कोनात आणि किती वाऱ्यात फेकलं, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

चकतीचं पिचही मोठं विलक्षण. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 पासून एका नरसाळ्यात पिच ठेवलं आहे. हातोडीने ठोकलं तर तुकडे होणारा हा पदार्थ तिथे ठिबकतोय, आणि 2014 पर्यंत त्याचे जेमतेम नऊ थेंब पडले. धक्का जलद असेल तर काच, सावकाश असेल तर काकवी. उन्हात मात्र तो मऊ पडतो. लोणावळ्याची चिक्की थंडीत कडकन मोडते आणि मे महिन्यात वाकते, तसंच. तापलेल्या चकतीतून छर्रे आरपार जातात आणि चकती भोकं घेऊन तशीच पुढे जाते. नेम चुकला असं वाटतं, पण तो चुकलेला नसतो. चकत्यांचा खोका सावलीत ठेवावा.

एकट्याने सराव करायचा तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, पायाच्या कळीने सुटणारं स्वयंचलित यंत्र सोयीचं. पण बंद केल्यावरही त्याची भुजा ताणलेली राहू शकते. ती सोडवल्याशिवाय तिच्या फेऱ्यात हात घालायचा नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं. छर्रे दूरवर पडतात, म्हणून समोर पावणेतीनशे मीटर रान मोकळं हवं. आपल्याकडे शस्त्रपरवाना आणि अधिकृत रेंज याशिवाय हा विषयच नाही.

कोळशाच्या डांबराऐवजी दुसरं पिच वापरून ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चकत्यांचं मात्र मला पटत नाही. कोळशाच्या डांबराच्या चकत्यांचे तुकडे खाऊन डुकरं यकृत निकामी होऊन मेली आहेत, तेव्हा पिच बदललं ते चांगलंच झालं. पण काडतुसात 24 ग्रॅम शिसं धरलं, तरी शंभर काडतुसांमागे 2.4 किलो शिसं त्याच मातीत पडतं. पोलादी छर्रे मिळतात, आधी ते वापरावेत.

भावाने अखेर मधल्या ताकदीचं यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी न फुटलेली एक चकती त्याला गवतात सापडली, तिचा फोटो आला. कडेवर रबराचा काळा ओरखडा होता, पण एकाच जागी, बोटभर लांब. चकती घसरली होती. त्याने पट्टी कोरड्या फडक्याने पुसली, एका टोकाला सुटलेली होती ती घट्ट केली. दुसऱ्या फोटोतली काळी रेघ पूर्ण कडेभर फिरलेली होती.