मासोळीचा आरसा कलतो तेव्हा

कन्हानच्या काठावर, कामठीच्या जरा वरच्या अंगाला, मागच्या कार्तिकात घडलेली गोष्ट. माझ्या मामेभावाने नवी फ्लाय रॉड आणली होती. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत की कणकेची गोळी. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी असते. तिला वजन जवळजवळ नाहीच, म्हणून जाड, जड दोरीच हवेत झुलवून फेकायची. माशी तिच्यामागोमाग पाण्यावर अलगद उतरते. तासाभरात बोटभर लांबीच्या चार-पाच चंदेरी मासोळ्या लागल्या, त्या सोडून दिल्या. पुढची मासोळी काठापासून दोन हातांवर आली आणि तिच्याखालचं पाणी एकदम फुगलं. काठी कमानीसारखी वाकली. पलीकडे जाळं साफ करत बसलेले ढिवर काका तिथूनच ओरडले, "ओढू नको बाप्पा, ढील दे! शिवड्यानं धरली तिले."

मिनिटभर आम्ही त्या वजनाशी झुंजलो. शिवडा, म्हणजे आपल्या नद्यांतला मोठा शिकारी मासा, काठाजवळ आला, त्याचा रुंद जबडा दिसला, मग त्याने तोंड उघडलं आणि तो खाली गेला. गळ त्याला लागलाच नव्हता. इतका वेळ तो फक्त घास सोडत नव्हता. त्याच्या जबड्यात बारीक, आत झुकलेल्या दातांचे पट्टे असतात. आत गेलेली वस्तू सहज बाहेर निसटू नये अशीच ती रचना आहे. मासोळी परत आली ती अंगावर रेघोट्या घेऊन.

युरोपात पाइक आणि मोठे ब्राउन ट्राउट गळावरच्या लहान माशांवर असेच झडप घालतात. ट्राउट पकडणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मला मात्र एकच प्रश्न छळत राहिला. त्या डोहात तशा कितीतरी मासोळ्या फिरत होत्या. मग त्याने नेमकी हीच कशी हेरली?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर मासोळीच्या चांदीत दडलेलं आहे. तिच्या खवल्यांखाली आणि कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि त्यांचा मिळून आरसा होतो. पाण्यात वरून येणारा उजेड भरपूर असतो, खालून येणारा अगदी थोडा. पण आडवं पाहिलं तर कोणत्याही दिशेला उजेड साधारण सारखाच दिसतो. अशा ठिकाणी उभा आरसा धरला, तर त्यात दिसणारं पाणी आणि त्याच्या मागचं पाणी यांत फरक उरत नाही. आरसा जणू नाहीसाच होतो. अडचण अशी की माशाचं अंग गोलसर असतं, सपाट नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी सहकाऱ्यांसोबत 1960च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. कातडी कशीही वळलेली असो, आतले स्फटिक बहुतांशी उभेच राहतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे मासा बाहेरून गोल, पण आरसा म्हणून सरळ उभा. हे वाचलं त्या दिवसापासून बाजारातल्या टोपलीतली साधी मासोळीसुद्धा मी हातात घेऊन, कलती करून पाहतो.

हा आरसा मासा सरळ पोहतोय तोवरच लपवतो. गळाला लागलेली मासोळी दोरीच्या ओढीने कुशीवर पडते, उलटते, पुन्हा सावरते. दर वेळी वरचा झगझगीत उजेड तिच्या अंगावरून थेट खाली फेकला जातो. लपायचं साधन तिचा ठावठिकाणा सांगू लागतं.

त्यात ती थव्यातून तुटलेली असते. थव्यात शिकाऱ्याची नजर एका माशावर ठरत नाही. लँडो आणि टरबॉर्ग यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास जातीच्या शिकारी माशापुढे आठ चंदेरी मासोळ्यांचा थवा सोडला, तेव्हा शिकारी जवळजवळ हतबल झाला. मग थव्यातल्या एक-दोन मासोळ्या निळ्या रंगवल्या आणि शिकार पुन्हा जमू लागली. रंगवलेल्या मासोळ्यांना दुसरी काही इजा नव्हती, त्या फक्त वेगळ्या दिसत होत्या. गळावरची मासोळी तर दिसते वेगळी, चालते वेगळी आणि असते एकटी.

पण पावसाळ्यात कन्हान गढूळ असते तेव्हाही शिवडा उपाशी राहत नाही, आणि तो हिंडतो मुख्यतः रात्री. तिथे डोळ्यांचं काम पाण्याची हालचाल करते. माशांच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते, ती पार्श्वरेखा. तिच्यातल्या केसांसारख्या पेशी पाण्याची हलकी थरथरही टिपतात. शिवड्याच्याच कुळातल्या युरोपीय वेल्स कॅटफिशला जर्मन संशोधकांनी पूर्ण अंधारात गप्पी माशांसोबत ठेवलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग सांगतो की गप्पी पुढे निघून गेल्यावर पाण्यात मागे राहिलेली खळबळ 10 सेकंदांपर्यंत जुनी असली, तरी कॅटफिश तिच्या मागावरून वळणं घेत शिकारीपर्यंत पोचतो. पाण्यात पाऊलखुणा राहतात, असंच म्हणा ना.

त्याहून दूरचं काम कान करतात. नेल्सन आणि ग्रुबर यांनी 1963 मध्ये समुद्रात स्पीकर सोडून पाहिलं: मुख्यतः 20 ते 60 हर्ट्‌झचे खर्जातले आवाज ऐकून मोठे शार्क येत. मात्र आवाज तुटक असावा लागे. तोच सलग वाजवला तर शार्क ढुंकून पाहत नसत. तडफडणाऱ्या माशाची हालचालही अशीच तुटक असते: हिसका, थांबणं, पुन्हा हिसका.

वासाचा भाग थोडक्यात सांगतो. मधमाश्यांच्या नाचाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना 1938 मध्ये दिसलं, की मिनो नावाचा लहानसा मासा जखमी अवस्थेत टाकीत सोडला की बाकीचे घाबरून पांगतात. कातडी फाटली की पाण्यात एक द्रव्य मिसळतं. आपले रोहू-कटला ज्या मोठ्या गटात येतात, त्यातल्या बहुतेकांत ते असतं. पुढे 1990च्या दशकातल्या प्रयोगांत याच वासाकडे पाइक ओढले गेले. म्हणजे सोबतीण पळून जाते आणि शिकारी जवळ येतो.

एरवी यातूनही मासोळी वाचली असती. धोका जाणवताच मेंदूतल्या माउथनर पेशीच्या जोडीतली एक पेटते, अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वळतं आणि सेकंदाच्या काही शतांश भागात मासा दिशा बदलून निसटतो. तोंड दोरीला बांधलेलं असताना हे वळण पूर्ण होत नाही. शिवाय झटापटीने तिचे स्नायू थकलेले, लॅक्टिक आम्लाने भरलेले असतात आणि त्यांना पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. गळातून सोडलेली मासोळी म्हणूनच लगेच सुरक्षित नसते.

त्या दिवसापासून आम्ही गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट करतो, म्हणजे तो झटकन निघतो. लहान मासा खेळवत बसत नाही. हात आधी ओला करतो, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. डोहाच्या तोंडाशी तर सोडतच नाही. मागच्या खेपेला काकांनी दाखवलेल्या जागी, घोटाभर पाण्यात, एक मासोळी तोंड प्रवाहाकडे करून ओंजळीत धरली होती. अर्धा मिनिट ती नुसते कल्ले हलवत राहिली. मग कुशीवर न कलता, सरळ, गोट्यांच्या फटीत शिरली आणि दिसेनाशी झाली.