बेदाण्यासारखी सुरकुतलेली वसाहत

फेब्रुवारीत तासगावच्या एका बागेत तडकलेल्या मण्यांचा घड हातात घेतला, तेव्हा आधी आंबूस वास आला आणि मग चिलटं उठली. बागवाले तो बांधावर फेकणार होते, मी मागून घेतला. सांगलीत मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्या रसाचा थेंब आम्ही प्रयोगशाळेत आगराच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या, बशीत पसरवला. तिसऱ्या दिवशी पांढरट ठिपके, म्हणजे यीस्ट या सूक्ष्म बुरशीच्या वसाहती दिसल्या. दहाव्या दिवशी मात्र सगळ्यांचं लक्ष एकाच ठिपक्याकडे होतं. बाकीचे लोण्याच्या गोळीसारखे गुळगुळीत आणि हा थेट बेदाण्यासारखा सुरकुतलेला.

"मॅडम, यीस्ट तर एकपेशीय. मग ही नक्षी कोण काढतं?" एका मुलीने विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता. यीस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे पेशी ओळीने बसतील. मळीच्या टाकीत ती सुटी तरंगते, तिथे एकपेशीय हे वर्णन शोभतं. पण घट्ट पृष्ठभागावर आईपेशीतून निपजलेल्या लेकी तिला सोडून लांब जाऊ शकत नाहीत. लाखो पेशी एकीवर एक चढतात. अन्न खालून येतं, हवा वरून. एकाच आईच्या लेकी, पण जागेप्रमाणे प्रत्येकीचं आयुष्य वेगळं होतं.

फळांवर यीस्टच्या अनेक जाती नांदतात. सर्वात बारकाईने अभ्यासलेली जात म्हणजे पाव फुगवणारी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात झ्डेना पाल्कोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या वसाहतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. वाढणारी वसाहत आधी भोवतालचं आगर आम्लधर्मी करते, मग अमोनिया वायू सोडून अल्कधर्मी. हा अमोनिया म्हणजे शेजारणीला दिलेला निरोप असतो, हे त्यांनी 1997 साली दाखवलं. दोन वसाहती जवळजवळ असल्या, तर समोरासमोरच्या बाजूंची वाढ मंदावते.

जुन्या वसाहतीच्या आत तर मला सर्वात थक्क करणारी गोष्ट घडते. वरच्या थरातल्या पेशी धडधाकट आणि दीर्घायुषी असतात. खालच्या, म्हणजे अन्नाला खेटून बसलेल्या पेशी मात्र उपासमारीने खंगतात आणि त्यांच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांवर वरच्या जगतात. पंगतीत वाढप्याजवळ बसलेल्यांचं ताट रिकामं राहावं, तसं हे उलटं गणित आहे.

सुरकुतलेल्या वसाहतीत बांधकाम आणखी गुंतागुंतीचं असतं. एफएलओ-11 या जनुकापासून तयार होणारं प्रथिन पेशींना एकमेकींना चिकटवतं. त्यांच्याभोवती चिकट द्रव्याचं आवरण तयार होतं, आत पोकळ्या राहतात. तळातल्या पेशी लांबट होऊन, साखळीने जोडलेल्या अवस्थेत मुळांसारख्या आगरात घुसतात. पृष्ठभागाजवळच्या पेशी नको ती रसायनं बाहेर फेकणारे पंप चालू ठेवतात. रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळीवर कँडिडा नावाचं यीस्ट थर धरून बसतं, तेव्हा औषध त्याला सहजी का मारत नाही, याचं एक उत्तर अशा बांधणीत आहे. म्हणून हा विषय मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही.

मग इतकी वर्षं आपल्याला यीस्ट गुळगुळीतच का दिसलं? कारण आपणच ते तसं निवडलं. चिकटणारं, गुठळ्या करणारं यीस्ट प्रयोगशाळेत हाताळायला त्रासाचं, त्यामुळे सुटं राहणारं वाण पुढे चाललं. 1996 साली ज्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, त्याचा मुख्य पूर्वज 1938 साली कॅलिफोर्नियातल्या सडक्या अंजिरावर सापडला होता. प्रयोगशाळेतल्या या वंशजात एफएलओ-8 हे जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे त्याला तंतू काढणं जमत नाही. रानातून आणलेल्या नक्षीदार वसाहतीही प्रयोगशाळेच्या सकस अन्नावर पुन्हा पुन्हा वाढवल्या की गुळगुळीत होत जातात. अंगणात राहून राहून रानाची सवय मोडावी, तसं होतं ते.

त्या मुलीला मी तोंडी उत्तर दिलं नाही. हातमोजे घालून बशी तिरकी धरली, खाली जंतुनाशकाचं घमेलं ठेवलं आणि पाण्याची बारीक धार सोडायला सांगितलं. गुळगुळीत ठिपके घसरून वाहून गेले. बेदाणा तसाच राहिला. तिने हातमोज्यातल्या बोटाने त्यावर हलकेच चोळलं. वरची सुरकुती निघाली, खाली आगरात रुतलेला पांढरा डाग मात्र हलला नाही. त्याचा पातळ काप घेऊन तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ती उठेना.