दोन सेलच्या बॅटरीत लिथियम सेल: ही गल्लत आली कुठून?

मराठवाड्यात रात्रीचं पाणी धरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी, म्हणजे टॉर्च, लागतेच. कृषिपंपाची वीज पाळीपाळीनं येते. रात्रीची पाळी असली की अंधारात मोटार चालू करायची, उसात-कापसात दारं धरायचं, आणि घोणस, मण्यार नाहीतर विंचू कधी पायाखाली येईल याचा नेम नाही. एवढ्या वापराला फेकायचे सेल परवडत नाहीत. म्हणून घरातल्या जुन्या दोन सेलच्या बॅटरीत चार्ज होणारा लिथियम सेल बसवायचा प्रकार आता गावोगाव दिसतो. कुठं तो जमून जातो, कुठं बल्ब उडतो, कुठं सेल हात लावू नये इतका तापतो. तिन्हीमागचं कारण सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे.

१८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसानं जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल बनवला. तो काचेच्या बरणीत होता, आत पातळ द्रावण, त्यामुळे आडवा करायची सोय नाही. वीस वर्षांनी जर्मनीतल्या कार्ल गास्नर या डॉक्टरनं त्याचा कोरडा सेल केला आणि तो कसाही धरता येऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेलनं असे सेल एका नळीत एकामागं एक ठेवून पुढं बल्ब आणि आरसा लावला. त्याचं पेटंट १८९९ चं. आज आपण वापरतो ती बॅटरी मुळात तीच.

त्याबरोबर एक गोष्ट पक्की झाली: एक सेल म्हणजे दीड व्होल्ट. सेल जाडा असो की पेन्सिल, व्होल्ट तेवढेच. १९५९ मध्ये लुईस उरीचा अल्कलाइन सेल आला, आतलं रसायन बदललं, तरी व्होल्ट दीडच राहिले. त्यामुळे बॅटरी बनवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही फक्त सेल मोजले की पुरत होतं. दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट, तीन सेल म्हणजे साडेचार.

आपल्याकडे हा सेल मुख्यतः एव्हरेडीच्या नावानं रुजला. कंपनी १९३४ ची, कोलकात्याची. पुढं ती युनियन कार्बाइड इंडिया झाली. १९८४ ची भोपाळ दुर्घटना ज्या कंपनीच्या कारखान्यात घडली तीच ही, आणि हे ठाऊक नसलेल्या लोकांनीही तिचे सेल आयुष्यभर वापरले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला, पण गावागावांत वीज पोचायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. तोवर कंदील, चिमणी, आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे बॅटरी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. त्यानंतर लातूर-धाराशिवकडची माणसं कित्येक दिवस घराबाहेर झोपत होती. उशाशी पाण्याचा तांब्या आणि बॅटरी.

ती पितळी बॅटरी उघडून पाहावी. मागचं झाकण फिरवलं की स्प्रिंग, आणि बऱ्याच बॅटऱ्यांत झाकणातच खोचून ठेवलेला जादा बल्ब. आत मोकळी नळी. कडेनं पितळेची पट्टी बटणापर्यंत गेलेली. बटण पुढं सरकवलं की पट्टी टेकते आणि बल्ब लागतो. बस, एवढंच. सर्किट नाही, फ्यूज नाही, व्होल्ट आवरणारं काहीच नाही. ते काम सेलच करत होता. साध्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच विजेला होणारा अडथळा, बराच असतो, त्यामुळे बल्ब लागला की त्याचे व्होल्ट खाली बसतात. हे धरूनच दोन सेलच्या बॅटरीला तीनचा नव्हे, अडीच व्होल्टच्या आसपासचा बल्ब देत. सेल संपत आला की उजेड पिवळा पडत जायचा, मग सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस काढायचे. संपलेला सेल आतच राहिला तर पाझरून स्प्रिंग खायचा. नुकसान व्हायचं ते एवढंच.

लिथियम-आयन सेल दुसऱ्याच घराण्यातला. जॉन गुडइनफ यांचं कोबाल्ट ऑक्साइडवरचं काम १९८० चं, अकिरा योशिनो यांचा नमुना १९८५ चा, आणि सोनीनं हा सेल बाजारात आणला १९९१ मध्ये, तोही टॉर्चसाठी नाही तर कॅमकॉर्डरसारख्या यंत्रांसाठी. गुडइनफ, योशिनो आणि स्टॅनले व्हिटिंगहॅम यांना त्यासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. या सेलचे व्होल्ट ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. अंतर्गत रोध अगदी कमी. त्यावरचा आकडा फक्त मापाचा: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी, १४५०० म्हणजे १४ आणि ५०. हे दुसरं माप जवळपास पेन्सिल सेलचंच. मला सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथंच दिसतं. शंभर वर्षं मापावरून व्होल्ट कळत होते; आता त्याच मापात अडीच पट व्होल्टचा सेल आला आणि बॅटरीच्या नळीला तो अडवता येत नाही.

जुन्या बल्बला दहा टक्के व्होल्ट जास्त दिले तर उजेड सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि बल्बचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. अडीचच्या बल्बला ४.२ व्होल्ट देणं म्हणजे जवळपास सत्तर टक्के जास्त. दोन पेन्सिल सेलच्या जागी दोन १४५०० घातले तर ८.४, बल्ब पेटतो आणि त्याच क्षणी जातो.

एलईडीच्या बॅटरीतही सुटका नाही. एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे तीनच्या वर नेणारं छोटं सर्किट असतं. ते व्होल्ट चढवतं, उतरवत नाही. ४.२ चा सेल घातला की करंट सरळ एलईडीत जातो आणि एलईडी भाजते. तीन छोट्या सेलच्या, म्हणजे साडेचार व्होल्टच्या टॉर्चमध्ये मात्र एक १८६५० अनेकदा नीट चालतो. काही टॉर्चमध्ये तीन छोटे सेल किंवा एक १८६५०, अशा दोन्ही सोयी मुळातच दिलेल्या असतात. कुणाची बॅटरी जमते, कुणाची जळते, ते यामुळे.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. भारनियमनाच्या वर्षांत आठवडी बाजारात चार्जिंगच्या स्वस्त बॅटऱ्या आल्या. त्यांच्या आत चार व्होल्टची शिसं-आम्लाची छोटी बॅटरी. एक-दोन हंगामांत ती मरते, मग दुकानदार तिच्या जागी १८६५० टाकून देतो. व्होल्ट जुळतात, बॅटरी झकास लागते. पण तिचं चार्जिंग घरच्या विजेवरून एका कपॅसिटरमधून येतं आणि ते ४.२ ला थांबत नाही. रात्रभर लावून ठेवली तर सेल जास्त भरत जातो, तापतो, पेटूही शकतो. सगळ्यात मोठा धोका मला याच जुगाडात वाटतो, कारण ते चालताना दिसतं.

लॅपटॉपच्या पॅकमधून सोडवलेल्या सेलचंही तसंच. सेल प्रमाणाबाहेर भरू-उतरू न देणारी संरक्षणाची पट्टी पॅकला असते, सुट्या सेलला नसते. जुनी बॅटरी चालू राहून पिशवीत पडली तर सेल अडीच व्होल्टच्याही खाली उतरतो, आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. कमी-जास्त भरलेले दोन सेल एकामागं एक असतील तर आधी संपलेला सेल उलटा भरला जातो. आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या धातूच्या नळीत, जिथून सेलमधून निघणाऱ्या वायूला वाट नाही.

पितळी बॅटरी जपायचीच असेल तर सरळ रस्ते आहेत. १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल त्याच मापात मिळतात. दोन सेलचे २.४ व्होल्ट होतात आणि जुना बल्ब तेवढ्यावर नीट लागतो. दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चला ३.२ व्होल्टचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल आणि दुसऱ्या जागी नुसती वीज पुढं नेणारी पोकळ डमी चालते, तीन व्होल्टची एलईडी असेल तर. हल्ली लिथियमचेच पण आत व्होल्ट उतरवणारं सर्किट असलेले दीड व्होल्टचे सेलही आलेत. त्यांच्यावर १.५ छापलेलं असतं, आणि विकत घेताना मापाच्या आधी तोच आकडा वाचायचा.