सुलभ व कठीण धावांचा समतोल

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या सरावात आठवड्यातील बहुतेक धावा सावकाश घेऊन मोजक्याच धावा जोरात घेण्याची पद्धती. सुलभ धावेत पूर्ण वाक्ये बोलता येतात. कठीण धावेत दोन-चार शब्दांतच दम लागतो. टेम्पो (सलग काही वेळ जोराच्या, स्थिर गतीने धावणे), इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराच्या फेऱ्या मारणे) आणि चढावरील धावा हे कठीण धावांचे रूढ प्रकार होत. लांब धाव अंतरामुळे दमवते. तरी गती सावकाश असल्यास तिची गणना बहुधा सुलभ धावांतच करतात.

उगम : कठीण दिवसानंतर एक-दोन दिवस हलके, या नियमाचे श्रेय सामान्यतः ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांना देतात. १९६० च्या दशकापर्यंत तो त्यांच्या संघात रुजलेला दिसतो. जादा धावण्याची ओढ असलेल्या केनी मूर या आपल्या धावपटूला त्यांनी हलके दिवस सक्तीने पाळायला लावले. मूर पुढे १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये चौथा आला. तथापि या विचाराची मुळे त्यापूर्वीची आहेत. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये यस्टा होल्मेर यांनी फार्टलेक पद्धतीत एकाच धावेत वेग कमी-जास्त करण्याची रीत आणली, तर जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी इंटरव्हल सरावाला नाडीच्या ठोक्यांच्या मोजणीची जोड दिली. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किमी. धावण्यावर भर दिला, त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल (८०० मी.) व मरे हॅलबर्ग (५,००० मी.) यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. बॉवरमन १९६२ मध्ये न्यूझीलंडला जाऊन लिडियार्ड यांना भेटले होते. त्यामुळे काही जण लिडियार्ड यांनाच मूळ प्रवर्तक मानतात. मात्र लिडियार्ड यांच्या पायाभरणीच्या धावा बऱ्याचदा चांगल्या दमदार असत. दिवसांची आलटापालट हा नियम म्हणून मांडण्याचे श्रेय बॉवरमन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रमाण : नॉर्वेत कार्यरत असलेले अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावनोंदींवरून सुमारे ८० टक्के सुलभ व २० टक्के कठीण असे प्रमाण मांडले. या प्रमाणाचा अर्थ मोजणीवर अवलंबून असतो, हे पुष्कळदा नजरेआड होते. उदा., आठवड्यात पाच धावा, एकूण पाच तास, आणि त्यांपैकी एकच इंटरव्हलची, चार-चार मिनिटांच्या सहा फेऱ्यांची. धावा मोजल्या तर कठीण वाटा २० टक्के. प्रत्यक्ष मिनिटे मोजली तर २४ मिनिटे, म्हणजे केवळ ८ टक्के. सायलर यांचे प्रमाण मुख्यतः धावांच्या मोजणीवर आधारलेले आहे. मिनिटांना तेच प्रमाण लावल्यास कठीण भार दुपटीहून अधिक होतो.

तीव्रतेचे तीन पट्टे कल्पितात. त्यांच्या सीमा ढोबळमानाने रक्तातील लॅक्टेट (श्रम वाढल्यावर रक्तात वाढणारे द्रव्य) लिटरला २ व ४ मिलिमोल येथे धरतात. व्यक्तिपरत्वे त्या बऱ्याच सरकतात. मधला पट्टा टाळून फक्त सुलभ व खूप कठीण धावा घ्याव्यात असे ध्रुवीकृत सरावाचे समर्थक म्हणतात, तर पिरॅमिड पद्धतीत सुलभ धावांनंतर मधला पट्टा दुसऱ्या क्रमांकावर व कठीण पट्टा शेवटी असतो. नॉर्वेतील अलीकडच्या सरावात तर एकाच दिवशी दोनदा थ्रेशोल्डच्या (वरील दुसऱ्या सीमेच्या) आसपास, लॅक्टेट मोजत धावतात. सुलभ धावांचा मोठा वाटा मात्र या सर्व पद्धतींत समान आहे. वाद उरलेल्या वाट्याचा आहे.

शरीरक्रिया : सुलभ धावांनी स्नायूंतील केशवाहिन्या व तंतुकणिका (पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे घटक) वाढतात आणि थकवा लवकर ओसरतो. सायलर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, पहिल्या सीमेच्या खाली दोन तास धावूनही कसलेल्या खेळाडूंची स्वायत्त तंत्रिका तंत्राची (हृदयगतीसारख्या आपोआप चालणाऱ्या क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागाची) स्थिती लवकर पूर्ववत झाली. ती सीमा ओलांडताच सावरण्यास जास्त वेळ लागला. हलका दिवस ‘थोडासा जोरात’ धावल्यास तो हलका का राहत नाही, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. असे घडणे सर्रास आहे : कार्ल फॉस्टर व सहकाऱ्यांच्या २००१ मधील पाहणीत प्रशिक्षकांनी सोपे ठरविलेले दिवस खेळाडू अधिक जोराने, तर कठीण दिवस कमी जोराने पार पाडताना आढळले.

आठवड्यात तीनच दिवस धावणाऱ्यांना हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांच्याबाबत आठवड्याला एक कठीण धाव व तिच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक हलका वा विश्रांतीचा दिवस, अशी योजना सामान्यतः सुचवितात.