सर्च सर्व्हरचा पासवर्ड हरवला तर

(इलॅस्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"इलॅस्टिकचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आता सर्व्हर पुन्हा बसवायचा का?" हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो. उत्तर: नाही. डेटा किंवा इंडेक्स (शोधासाठी लावून ठेवलेला डेटा) यांना हात न लावता नवा पासवर्ड देता येतो आणि ते मिनिटभराचे काम आहे. वेळ जातो तो जुना पासवर्ड कुठे कुठे लिहून ठेवला आहे ते शोधण्यात.

आवृत्ती ८.० (फेब्रुवारी २०२२) पासून सुरक्षा मुळातच चालू असते. सर्व्हर पॅकेजमधून बसवताना, किंवा इतर प्रकारांत तो पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा, 'इलॅस्टिक' या मुख्य युजरचा पासवर्ड स्क्रीनवर एकदाच दिसतो. तेव्हा कुणी टिपून घेतला नाही तर गेला. आत तो हॅश करून (म्हणजे मूळ रूप परत काढता येणार नाही असा बदलून) साठवलेला असतो, त्यामुळे "जुनाच काढून द्या" हे आम्हालाही जमणारे नाही.

कमांड कशी द्यायची

फोनवर सांगतो तशीच इथे लिहितो. टाइप करताना सगळी अक्षरे इंग्रजी आणि स्मॉल. सर्व्हर चालू हवा, आणि कमांड त्याच मशिनवर द्यायची. पॅकेजमधून बसवलेल्या लिनक्स सर्व्हरवर यूएसआर, त्यात शेअर, त्यात इलॅस्टिकसर्च, त्यात बिन या फोल्डरमध्ये 'इलॅस्टिकसर्च-रीसेट-पासवर्ड' नावाचे साधन आहे. ते सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) चालवा, पुढे डॅश यू आणि युजरचे नाव. 'वाय' म्हटले की नवा पासवर्ड समोर येतो. स्वतःच्या पसंतीचा हवा असेल तर डॅश आय जोडा. किमान सहा अक्षरे लागतात, पण सहावर थांबू नका. डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) असेल तर हेच सगळे डॉकर एक्झेकने कंटेनरच्या आत.

जुना पासवर्ड न विचारता हे होते कसे? हे साधन कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलीत एक तात्पुरता युजर तयार करते, त्याच्या अधिकाराने पासवर्ड बदलते आणि त्याला काढून टाकते. म्हणजे ज्याच्याकडे मशिनचे रूट (सर्वाधिकारी) लॉगिन, त्याच्याकडे सगळे. एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या) किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे एकदा तपासाच.

क्लस्टर (एकत्र चालणारे इलॅस्टिकसर्चचे सर्व्हर) लाल असेल, म्हणजे त्यातला काही डेटा उपलब्ध नसेल, तर साधन अडून बसते. जबरदस्तीचा पर्याय आहे, पण आधी क्लस्टर दुरुस्त करा: पासवर्ड सुरक्षेच्या इंडेक्समध्ये लिहिला जातो, तोच जागेवर नसेल तर लिहिणार कुठे? प्रमाणपत्रातले नाव जुळत नसल्याची तक्रार आली तर डॅश डॅश यूआरएल देऊन पुढे सर्व्हरचा योग्य पत्ता लिहा.

फाइलीत ठेवलेल्या युजरसाठी 'इलॅस्टिकसर्च-युजर्स' हे वेगळे साधन आहे. एलडॅपवरून (ऑफिसच्या सामायिक लॉगिन यादीवरून) येणाऱ्यांचे पासवर्ड तुमच्या ऑफिसच्या डिरेक्टरीतच बदलतात. आवृत्ती ७ वर हे रीसेटचे साधन नाही. तिथे आम्हाला कळवा, रस्ता थोडा लांबचा आहे.

बदलल्यानंतर

खरी धावपळ इथे होते. किबाना म्हणजे इलॅस्टिकसर्चचा डेटा ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्रॅम. तो ज्या युजरने जोडतो त्या 'किबाना अंडरस्कोर सिस्टिम' या युजरचा पासवर्ड बदलला आणि किबानाच्या कॉन्फिगमध्ये किंवा की-स्टोअरमध्ये नवा टाकला नाही, तर किबाना उघडणार नाही. लॉगस्टॅशच्या (डेटा आत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पाइपलाइन, रात्रीच्या बॅकअपची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट, वेबसाइटची एन्व्ह (सेटिंगची) फाइल: प्रत्येक ठिकाणी जुना पासवर्ड दडलेला असू शकतो. क्रॉन विशेष फसवा, कारण बिघाड सकाळी कळतो. म्हणून आधी यादी करा, मग कमांड द्या, आणि ऐन गर्दीच्या वेळी तर नकोच. वेबसाइट मुख्य 'इलॅस्टिक' युजरनेच जोडलेली असेल तर याच निमित्ताने तिला मोजक्या अधिकारांचा वेगळा युजर किंवा एपीआय की (प्रोग्रॅमने पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) द्या.

एपीआय कीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पासवर्ड बदलला तरी त्या युजरने काढलेल्या की चालूच राहतात. कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, त्याच्या की किबानातून वेगळ्या रद्द कराव्या लागतात.

नवा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अडलात तर फोन करताना आवृत्तीचा क्रमांक, सर्व्हर पॅकेजवर आहे की डॉकरवर, आणि स्क्रीनवरची एररची ओळ जशीच्या तशी हाताशी ठेवा. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका.