मराठी वृत्तपत्रांतील जाहिराती आणि व्ही.पी.चा व्यापार (१९०० ते १९४०)

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत मराठी दैनिके, साप्ताहिके व मासिके यांच्या पानांवर वाढलेला मालविक्रीचा व्यवहार. औषधे, साबण, केशतेले, अत्तरे, घड्याळे, कंदील, पुस्तके असा हलका, टपालाने धाडता येण्याजोगा माल त्यातून खपत असे. मुंबई-पुण्याच्या पेठांतील माणूस दुकानात जाऊन वस्तू हाताळून घेई. पण रत्नागिरी, यवतमाळ किंवा बार्शीच्या वाचकाला ती संधी नव्हती. त्याच्यापुरते वर्तमानपत्राचे पान हेच दुकान आणि पोस्टमन हाच दुकानातला गुमास्ता.

‘जाहीर’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. जुन्या पत्रांत ‘जाहीरखबर’ असा मथळा दिसतो. ‘जाहिरात’ हे रूप पुढे स्थिरावले. मराठी वृत्तपत्राचा आरंभ १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने झाला. मात्र बाजार म्हणावा असा जाहिरातींचा पसारा दिसू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर रेल्वेचे फाटे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले होते आणि शाळामास्तर, कारकून, वकील, मामलेदार कचेरीतले नोकर असा रोख पगार किंवा फी घेणारा वाचकवर्ग तयार झाला होता. हा वर्ग संख्येने लहानच होता. १९११च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरता सुमारे ६ टक्के भरली. पण वर्तमानपत्र एकजण घेई आणि चावडीवर, वाचनालयात, चाळीच्या गॅलरीत ते अनेकांना वाचून दाखवले जाई, त्यामुळे खपाच्या आकड्यावरून जाहिरातीच्या पोचेचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

या व्यापाराचा कणा टपाल खाते होते. १८७७ साली हिंदुस्थानात ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत सुरू झाली; लोकांच्या तोंडी ती ‘व्ही.पी.’ झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड आले, आणि १८८० पासून मनीऑर्डरीचे काम टपाल कचेऱ्यांकडे आले. तिन्ही सोयी एकत्र आल्या तेव्हा साखळी पुरी झाली. वाचक पैशाच्या कार्डावर मागणी लिही, विक्रेता येणे रक्कम नोंदवून पार्सल टाकी, पोस्टमन पैसे मोजून घेतल्यावरच ते हाती देई, आणि वसूल रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे परत जाई. ‘व्ही.पी. सोडवणे’ आणि ‘व्ही.पी. परत जाणे’ हे वाक्प्रचार घरोघर रुळले ते याच काळात. १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचे झाले, तरी पद्धत तीच राहिली.

अनोळखी माणसाशी अनोळखी माणसाने उधारीवाचून सौदा करावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती. गावचा वाणी गिऱ्हाइकाच्या आजोबांनाही ओळखत असे. गिरगावातल्या कंपनीला फक्त नाव, मुक्काम, पोस्ट आणि तालुका ठाऊक असे. विश्वासाची ही जागा टपालाने भरून काढली, पण अर्धीच. पार्सल फोडण्याआधी पैसे द्यावे लागत, तेव्हा आत निकृष्ट माल निघाला तर गिऱ्हाईक हात चोळत बसे. उलट, मागवणाऱ्याने ऐनवेळी पार्सल नाकारले की जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. म्हणून मोठ्या मागणीसोबत काही रक्कम आगाऊ मागण्याची रीत पडली. मासिकेही आपली वार्षिक वर्गणी व्ही.पी.नेच वसूल करत, आणि वर्गणीदार ती परत धाडतात ही संपादकांची कायमची रड होती.

जाहिरातींत औषधे सर्वांत पुढे होती. त्यामागे साधा हिशेब होता. बाटली किंवा डबी लहान, नफा भरपूर, माल आधी पाहायची गरज नाही, आणि तालुक्याच्या गावी शिकलेला डॉक्टर सहसा नाही. शिवाय काही दुखणी अशी, की ओळखीच्या वैद्याला सांगण्यापेक्षा परगावच्या कंपनीला पत्र लिहिलेले बरे. १८९६ नंतर प्लेगने मुंबई-पुण्याला ग्रासले आणि भीतीचा हा बाजार आणखी फुगला. या गर्दीत टिकाऊ नावेही घडली. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये काढला होता. मुंबईत १९१० साली झंडू फार्मास्युटिकल वर्क्स निघाले. गिरगावच्या के. टी. डोंगरे आणि कंपनीचे ‘बालामृत’ तर इतके घरचे झाले की ‘डोंगरे बालामृत’ हे जोडनावच बनले. मराठी वाचकाला परप्रांतीय मालाची ओळखही याच पानांतून झाली. लाहोरची ‘अमृतधारा’ आणि कलकत्त्याचे ‘जबाकुसुम’ तेल ही त्यांतली गाजलेली नावे.

औषध आणि वर्तमानपत्र यांचे नाते किती जवळचे होते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते, पण ते तेलुगू आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत ‘अमृतांजन’ हे वेदनाशामक मलम काढले आणि संगीताच्या बैठकींत फुकट वाटून त्याची ओळख करून दिली. मलमाच्या कमाईतून त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक सुरू केले. १९१४ मध्ये मद्रासला नेऊन त्याचे दैनिक केले. इतर पत्रे औषधांच्या जाहिरातींवर जगत होती. हे पत्र थेट औषधावरच उभे राहिले.

धातुपुष्टीच्या गोळ्या, शक्तिवर्धक पाक आणि गुप्तरोगांवरचे उपाय यांनी मात्र संपादकांना अवघड जागी आणले. एका पानावर तरुणांना ब्रह्मचर्य आणि राष्ट्रकार्याचा उपदेश, तर पान उलटताच ‘गेलेली शक्ती परत’ आणणारी डबी, असा देखावा राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांतही दिसे. जुनी फाईल चाळताना अग्रलेख बाजूला राहतो आणि नजर अशा चौकटीवर अडते. याला केवळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी रोषाच्या छायेत चालणाऱ्या पत्राला १९१०च्या प्रेस ॲक्टाखाली जामीनही भरावा लागू शके. वर्गणीदार पैसे बुडवत आणि व्ही.पी. परत येत. रोख पैसे वेळेवर देणारा आश्रयदाता बहुधा वैद्यच असे. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’मध्ये जाहिराती घ्यायच्याच नाहीत असे ठरवले, पण त्या वाटेने जाणारी पत्रे फार थोडी.

या जाहिरातींची मांडणीही बोलकी आहे. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला, चित्र असलेच तर लाकडी किंवा जस्ताच्या ठशाचे, आणि लक्ष वेधायला बोट दाखवणारा हात. मामलेदार, वकील, हेडमास्तर यांची प्रशस्तिपत्रे छापण्याची फार हौस होती, कारण गावातले मानाचे माणूस म्हणजे तेच. फुकट पंचांग, फुकट कॅलेंडर, अमुक डब्या घेतल्यास घड्याळ इनाम, ही आमिषे नेहमीची. त्याच्याच खाली ‘नकली मालापासून सावध’ असा इशारा असे. बोधचिन्ह, वेष्टनाचा रंग आणि मालकाची सही ताडून पाहा, असे गिऱ्हाइकाला वारंवार बजावले जाई. मालाला नाव असते आणि त्या नावालाच किंमत असते, हे मराठी वाचक याच इशाऱ्यांतून शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

१९०५ मध्ये वंगभंगाची घोषणा झाल्यावर स्वदेशीची चळवळ पेटली आणि ७ ऑक्टोबर रोजी पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. जाहिरातींना एक नवे विशेषण मिळाले. ‘स्वदेशी’ हा शब्द काड्यापेटीपासून पेनपर्यंत सगळ्याला चिकटू लागला. त्यात खरे प्रयत्न होते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर टांगला गेला. खोटेही तितकेच होते. स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपानहून येणाऱ्या काड्यापेट्यांवर हिंदू देवदेवतांची चित्रे असत, आणि पेटी हातात घेणाऱ्याला ती कुठल्या मुलखातली हे सहज कळत नसे.

साबणाची गोष्ट जरा वेगळी. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ पासून हिंदुस्थानात येत होता, पण साबणात जनावराची चरबी असते ही शंका सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्याला दाराबाहेर ठेवी. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलांपासून साबण काढला, तेव्हा जाहिरातीला एकाच दगडात दोन पक्षी मारता आले: चरबी नाही आणि विलायतीही नाही. पुढे खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाची शिफारस केली आणि ती छापून आली. टिळक स्वराज्य फंडाला १९२१ मध्ये गोदरेजांनी तीन लाख रुपये दिले, हेही लोकांच्या कानी होते. तेव्हा साबण विकत घेणाऱ्याला थोडे देशकार्य केल्याचे समाधान मिळत असावे.

किर्लोस्करांचा मार्ग याहून दूरदर्शी होता. लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत असल्याने शेतकरी त्याला हात लावीना. अशा मालाला दोन ओळींची जाहिरात पुरी पडत नाही. आधी समजूत बदलावी लागते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले, ते कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी. हळूहळू त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, विनोद आणि कथा शिरल्या, ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, त्यानंतर ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. इतर मासिके जाहिरातींच्या आधारावर उभी होती. इथे जाहिरातीच्याच पोटी मासिक जन्मले, आणि ते मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारे ठरले. दुसऱ्या बाजूने ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. सणाची खरेदी आणि वाचन यांची जी गाठ तेव्हा पडली ती अजून सुटलेली नाही. दिवाळी अंकाचा खर्च आजही जाहिरातीच उचलतात.

करमणुकीच्या धंद्याने जाहिरातीची भाषा सर्वांत धिटाईने वापरली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलातल्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रखेळाची जाहिरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली, तिकीट एक रुपया. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी नटनट्या हव्यात म्हणून वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. स्त्रीभूमिकेला बाई काही मिळाली नाही, आणि शेवटी अण्णा साळुंके या तरुणाने तारामती रंगवली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढे फाळक्यांनी खेळाची जाहिरात केली ती गोष्टीची नव्हे, तर मापाची: ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांब चित्र, आणि दर तीन आणे. नाटकाच्या चारपाच तासांच्या खेळाला सरावलेल्या प्रेक्षकाला छोट्याशा सिनेमासाठी पैसे मोजायला लावायचे, तर त्याला वजनमापाच्या भाषेतच पटवावे लागणार, हे फाळक्यांना पुरते उमगले होते.

जाहिरात हा स्वतंत्र धंदा व्हायलाही याच काळात सुरुवात झाली. १९०५ साली गिरगावात निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकन संस्था जनरल मोटर्सच्या कामासाठी मुंबईत आली. तोवर विलायती कंपन्यांनी साहेबलोकांपलीकडे देशी मध्यमवर्गाकडे मोर्चा वळवला होता. लक्स, हॉर्लिक्स, ओव्हलटिन यांच्या जाहिराती इंग्रजीत लिहिल्या जात आणि मग मराठी, गुजरातीत उतरवल्या जात. भाषांतराचा वास त्यांना येई, पण त्यांनी जुन्या जाहिरातीत नसलेले एक माणूस आणले: घरची गृहिणी. मुलाचा अभ्यास, नवऱ्याचा थकवा आणि स्वतःची कांती या सगळ्यांची जबाबदारी तिच्या खरेदीवर येऊन पडली. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, ती या वळणाची पुढची पायरी.

दैनिकांनीही कात टाकली. अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने १९१५ पासून चटकदार मथळ्यांनी वाचक खेचला. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू करणारे ना. भि. परुळेकर अमेरिकेत शिकून आले होते आणि वर्तमानपत्र हा नीट हिशेबाने चालवायचा व्यवसाय आहे, असे मानणारे होते. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, पाने घटली आणि जाहिरातीची जागा मोजूनमापून मिळू लागली. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना कायद्याचा लगाम बसला तो स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार कायद्याने.

या विषयाच्या अभ्यासकाला एक अडचण हमखास येते. मासिकांतील जाहिराती बहुधा अंकाच्या पुढच्या-मागच्या सुट्या पानांवर असत, आणि ग्रंथालयांत वर्षाचे अंक बांधताना बाइंडर ती पाने ‘मजकूर नाही’ म्हणून काढून टाकी. त्यामुळे कथा-कवितांचे संच शाबूत मिळतात, पण ते वाचणाऱ्या घरात कोणता साबण होता हे शोधायला एखादा न बांधलेला, वाळवीतून वाचलेला सुटा अंक हाती लागावा लागतो.